शेवटी आलेल्याची जागा

कॉफी ओतून घ्या आणि बसा. ही गोष्ट ताउनोची. वरच्या तळ्याकडचा ताउनो. तुमच्यातल्या थोरल्यांनी त्याला पाहिलंही असेल.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता. बर्फाखाली लावलेल्या जाळ्यात मासळी बरी लागली होती, म्हणून चार मासे कागदात गुंडाळून तो बहिणीकडे निघाला होता. काम एवढंच.

हेल्वी अंगणात उभी होती. डोक्यावर टोपी नाही, हातात फोन.

"इल्पो पडलाय," ती म्हणाली. "खिंडीपलीकडे. मांडी मोडली म्हणतो. मग फोनच बंद झाला."

"बरोबर कोण आहे?"

"एकटाच गेलाय."

"नाहीतर काय," ताउनो म्हणाला.

भाच्याची स्नोमोबाइल नवी होती. तिच्यात दीडशे घोड्यांची ताकद होती आणि अक्कल एकाही घोड्याची नव्हती. पण हेल्वीला मूल तेवढं एकच.

गावच्या बचाव पथकाचा कालेर्वो वायरलेसवर होता. "हेलिकॉप्टर येत नाही. वर धुकं गोठतंय." हेलिकॉप्टर नेहमी हवा छान असेल तेव्हाच येतं, म्हणजे कुणी पडलेलं नसतं तेव्हा. "माझी माणसं दुसऱ्या डोंगरावर अडकलीत. पहाटे पोचतील."

"पहाटेपर्यंत पोराचं लाकूड होईल."

"मग तू पुढे जा, त्याला वाटसरूंच्या खोपीत ने. ऊब दे. झोपू देऊ नकोस."

ताउनोने मासे पायरीवर ठेवले, आपल्या जुन्या स्नोमोबाइलमागे घसरगाडी बांधली आणि निघाला.

इल्पो एका जुन्या पाइनच्या झाडाखाली सापडला. अर्धा बर्फात, ओठ निळे.

"झाड मध्ये आलं, मामा."

"तीनशे वर्षं तिथेच आहे ते. तुझीच वाट बघत असेल."

इल्पो हसायला गेला आणि कळवळला. ताउनोने पायाला फळी बांधली, पोराला रेनडिअरच्या कातड्यात गुंडाळलं आणि घसरगाडीवर आवळलं. खिंडीत आता वारा सुटला होता. परत फिरणं शक्य नव्हतं. खोपी जवळ होती.

खोपीचा नियम तुम्हाला कुणी सांगायला नको. कुलूप नाही, भाडं नाही, आणि जो शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी आलेल्यांनी ऊब घेतलेली असते, नवा माणूस गारठून आलेला असतो. म्हणून आधीच्यांनी उठायचं. इल्पो एवढासा होता तेव्हा ताउनोनेच त्याला हे शिकवलं होतं. मामाने शिकवलेलं बाकी सगळं पोरगं विसरलं. एवढं मात्र विसरलं नाही.

चूल पेटली. तिच्यालगतच्या बाकावर इल्पोला झोपवलं. गालावर रंग आला. मामाच्या कॉफीला त्याने नावं ठेवली, तेव्हा ताउनोला वाटलं, वाचला.

दारावर थाप पडली.

"या आत, जागा आहे," ताउनो म्हणून गेला. जन्माची सवय.

इंजिनाचा आवाज आला नव्हता. पावलांचाही नाही. हे त्याला नंतर सुचलं.

दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. मग दार लागलं, हलकेच. आतली ऊब वाया जाऊ नये म्हणून रीतीचा माणूस लावतो, तसं.

"मामा, त्याला बसू दे," इल्पो म्हणाला.

"कुणाला?"

"उभा आहे ना... फार गारठलाय तो."

आणि पोरगं कोपरावर रेटा देऊन बाकावरून सरकायला लागलं. चुलीत लाकडं धडधडून जळत होती आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. ओठ पुन्हा निळे.

भुताला मंत्र लागतो म्हणतात. ताउनोला मंत्र येत नव्हता. नियम येत होता. त्याने इल्पोला कातड्यासकट उचललं आणि बाहेर नेलं. पोर किंचाळलं. ताउनोने दार ओढून घेतलं. मग बाहेरून थाप मारली.

"आम्ही आत्ता आलोय," तो म्हणाला. "जखमी आहे. जागा करा."

आत काही हललं नाही. मग दार उघडलं आणि त्यांना घासून काहीतरी बाहेर गेलं. ताउनोचे दात ठणकले, एवढं गार.

आत ऊब होती. इल्पो बाकावर निपचित, पण श्वास चालू. फळीखालून आता रक्त येत होतं. पुन्हा उचललं तर पोर हातात राहणार नाही, हे ताउनोला कळलं.

बराच वेळ काही नाही.

मग थाप.

ताउनो गप्प बसला.

थाप.

"मामा... कुणीतरी आलंय."

"बोलू नकोस."

"असं बाहेर ठेवत नाहीत, मामा. तूच..."

"इल्पो. गप."

थाप हलकी झाली. नुसत्या बोटाची. दमलेल्या माणसाची.

ताउनो उठला. दाराला कुऱ्हाडीचा दांडा अडकवायला वळला. एवढंच... पाठ वळली.

मागून इल्पोचा आवाज आला. स्वच्छ. अदबशीर.

"या आत. जागा आहे."

...

ताउनोने धावत जाऊन पोराला मिठी घातली. जमिनीवर गुडघे, बाकावर हात. सोडायचं नाही. झोपायचं नाही. डोळा लागला की नाही, ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

उजाडताना कालेर्वो आला. दार आत ढकललं तर कशाला तरी अडलं.

दाराशी, सगळ्यांत गार कोपऱ्यात, इल्पो बसला होता. पाठ भिंतीला, टोपी मांडीवर. मोडलेला पाय दुमडून जवळ घेतलेला, कुणाच्या वाटेत येऊ नये असा. केव्हाच गेला होता.

ताउनो चुलीपाशीच होता. गुडघ्यांवर, हात बाकावर टाकलेले, कुणाला तरी कवटाळून धरल्यासारखे. बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या.

"ताउनो," कालेर्वो म्हणाला. "पोर इथे आहे रे."

ताउनोने हात सोडवले. कातड्यावर दहिवर गोठलं होतं. बोटभर जाड. डोकं, खांदे, पाय... आडव्या माणसाएवढं. इल्पोपेक्षा वीतभर लांब.

कालेर्वोने हातमोजा काढला आणि बाकाला चिकटलेल्या चुलीवर बोटं टेकवली. झटकन मागे घेतली.

पोळली होती.