बाराची टोपली

व्हॅलेटा शहर दाखवायचं काम निम्मं पायांचं आणि निम्मं तोंडाचं. माझं दोन्ही धड आहे, म्हणून इतकी वर्षं निभावलं. सकाळी जहाजातून माणसं उतरतात. त्यांना कॅथीड्रल दाखवायचं, सरदारांचा महाल दाखवायचा आणि बाराच्या आत बंदरावरच्या बागेत नेऊन बाराची तोफ ऐकवायची. तोफ उडाली की सगळे दचकतात, मग हसतात, मग एकमेकांचे फोटो काढतात. मी त्यांना पास्तिझ्झीच्या, आमच्या चीजभरल्या करंज्यांच्या, दुकानात ढकलते आणि सावलीला बसते.

पण खरं सांगू का, मी लोकांना बागेत नेते ते तोफेसाठी नव्हे. त्या वेळी ते आमच्या गल्लीत असू नयेत, म्हणून नेते.

आमची गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या, आणि पार खाली समुद्राची फट. दोन्ही बाजूंना उंच घरं, प्रत्येक मजल्याला लाकडी बंद सज्जा. पूर्वी पाववाला आला की सज्जांतून दोरीने टोपल्या खाली यायच्या. पोरं खाली खेळत असली की आया त्याच टोपलीतून त्यांचं खाणं सोडायच्या. एवढे जिने कोण चढणार? आता बहुतेक घरांत पाहुणे उतरतात. परवा माझ्या आईच्या सज्जात दोन जर्मन बाया ओले टॉवेल वाळत घालत होत्या. मी मान खाली घालून पुढे गेले.

कोंचेत्ता कधीच वारली, तिचं घर तेवढं बंद. वारस जगभर पांगलेले, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दाराच्या कुलपावर जुन्या रंगाचे थर चढलेत. तरी बाराच्या तोफेला तिच्या हिरव्या सज्जाखाली कुणी उभं असलं की झडप किलकिली होते आणि टोपली खाली येते. वरून बाईमाणसाचा हळू आवाज येतो, "कुणाचा रे तू?"

आमच्याकडे नाव नंतर विचारतात, आधी कुणाचा ते विचारतात. प्रत्येक घराण्याला टोपणनाव असतंच. आम्ही उंदराकडचे, का ते विचारू नका. तर आपण वर बघून सांगायचं, "उंदराकडची टेसी." टोपली तशीच वर जाते. तिच्यात काही टाकायचं नाही, तिच्यातलं काही घ्यायचं नाही. रस्ता ओलांडायला शिकवावं तसं आईने मला हे शिकवलं होतं. गल्लीत कुणी भीत नाही, म्हणजे तसं दाखवत नाही. नवा पोस्टमन पहिल्यांदा सापडला तेव्हा पत्रं टाकून पळाला होता. कोपऱ्यावरचा न्हावी नीनू त्याला अजून चिडवतो, "काय रे, भेटल्या का आज सासूबाई?"

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. ती टोपली मोठ्या माणसाच्या हाताशी थांबत नाही. कंबरेच्या खाली येऊन थांबते. त्यातलं घ्यायचं म्हटलं तर वाकावं लागेल.

ऑगस्टमध्ये मेलबर्नहून एक म्हातारा आणि त्याची मुलगी आली. तिचं नाव लोरेन, माझ्याच वयाची, रुंद टोपी, हातात यादी. म्हाताऱ्याला तिकडे मॅनी म्हणत, इथला तो लेली. लोरेनला सगळं बघायचं होतं. त्याचं लक्ष कशातच नव्हतं. चालताना मान वर, एकेक सज्जा न्याहाळत.

"पा, कॅथीड्रलचं छत तरी बघ! एवढ्या लांबून आलोय आपण."

"बघितलं."

"कधी? झोपेत?"

"ते कुठे पळून जातंय? उद्याही असेल."

लोरेन मला म्हणाली, "असाच आहे. आई गेली तेव्हापासून आम्ही दोघंच. हा भांडतो, मी रागावते, मग दोघं चहा पितो." बोलता बोलता तिने त्याची कॉलर सरळ केली. तिचा त्याच्यावर किती जीव होता ते त्या बोटांत दिसत होतं.

कॅथीड्रलमध्ये मेणबत्त्यांच्या वासात बाकावर बसून म्हाताऱ्याने मला हळूच सांगितलं. सात वर्षांचा असताना तो बापाबरोबर बोटीत चढला. आईच्या छातीच्या एक्स-रेत डाग निघाला, डॉक्टरांनी तिला पास केलं नाही. पुढच्या बोटीने येते, म्हणाली. ती आलीच नाही. बापाने दुसरं लग्न केलं, घरात आमची बोली बंद केली. "एक शब्द उरला नाही डोक्यात," तो म्हणाला. "आईचा चेहराही नाही. फक्त वरून येणारी टोपली आठवते."

मी लगेच विचारलं, "कुणाकडचे तुम्ही?"

"म्हणजे?"

"घराण्याचं टोपणनाव हो."

"ते वडिलांनी कधी सांगितलंच नाही."

 माझी आई गेल्यापासून मी रोज त्या टोपलीकडे बघत आलेय. कोंचेत्ताला येता येतं, मग माझ्या आईला का नाही, असं मनात यायचं. कुणाला बोलले नाही, पण यायचं. म्हणून मला त्याला तिथे न्यायचं नव्हतं. आणि न्यायचंही होतं.

बागेकडे निघालो तेव्हा दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. अंगाला कपडे चिकटत होते, दुकानांनी दारं ओढली होती. लोरेन पाणी घ्यायला एका टपरीत शिरली. मी रुमालाने मान पुसली, वळून बघते तर म्हातारा नाही.

तो आमच्या गल्लीत होता. काठी भिंतीला टेकवून ठेवलेली, स्वतः पायऱ्यांवरून भराभरा उतरत निघालेला. हिरव्या सज्जाखाली आला आणि थांबला. मी धावत गाठलं.

"लेलीकाका, इथे नको… चला, तोफ बघायची ना?"

तेवढ्यात तोफ उडाली. कबुतरं उठली. मग सगळं शांत झालं, आणि वर झडप करकरली.

टोपली हळूहळू उतरली. त्याच्या कंबरेखाली येऊन थांबली.

"कुणाचा रे तू…?"

मी त्याच्यासाठी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तोच बोलला. आमच्या बोलीत, स्वच्छ, पातळ आवाजात.

"मीठवाल्याकडचा लेली."

दोरी हलायची थांबली. गल्लीत चुलीवरच्या टोमॅटोचा, ताज्या पावाचा वास भरला. मग वरून आवाज आला.

"एवढा उशीर, लेली…?"

"बोट लांब गेली होती, मा."

तो वाकला. टोपलीत फडक्यात गुंडाळलेला पाव होता, टोमॅटो चोळलेला, वर तेल, मीठ. अजून ऊन होता. मी त्याचा दंड धरला. "काका, खाऊ नका… ऐका माझं." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी धरून खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत. बोटं चाटली. इतका सुखी चेहरा मी माणसाचा पाहिलेला नाही. मला त्याचा हेवा वाटला, आणि भीतीही.

मागून लोरेन धापा टाकत आली. "पा! सांगून तरी जायचं! घे, पाणी पी."

म्हाताऱ्याने तिच्याकडे वर बघितलं. मग माझ्याकडे वळून आमच्या बोलीत विचारलं, "ही बाई कुणाची?"

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. या वयात असं होतं, माणूस पहिल्या भाषेत परत जातो. असेलही. लोरेन त्याला घेऊन मेलबर्नला गेली. विमानतळावर तो तिचा हात धरत नव्हता, मी धरायला सांगितला तेव्हा धरला. अनोळखी बाईचा धरतात तसा, दोन बोटांनी.

मग तिचे फोन सुरू झाले.

"टेसी, तो रोज सकाळी मला एकच काहीतरी विचारतो." तिने ते मोडक्या उच्चारांत म्हणून दाखवलं.

"तू कुणाची, असं विचारतोय तो."

तिने विचारलं, "मग काय सांगायचं असतं?"

मी तिला शिकवलं. *मी लेलीची.* तिने ते पाठ केलं, रोज म्हणायची. तो नाही म्हणून मान हलवायचा. फोनवर मला ऐकू यायचं, म्हणायचा, लेली तर मीच आहे, मला कुठली एवढी मोठी मुलगी? मग हसायचा, आणि खिडकीशी जाऊन उभा राहायचा. लोरेन जेवेनाशी झाली. "मेला असता तर मी रडले असते आणि सावरले असते," ती म्हणाली. "हा समोर बसतो गं, आणि मला अहोजाहो करतो."

मी टोपलीची सगळी हकिगत तिला सांगितली. ती हसेल वाटलं होतं. हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांना बागेच्या वाटेला लावलं आणि बारा वाजता हिरव्या सज्जाखाली जाऊन उभी राहिले. टोपली आली.

"कुणाची गं तू…?"

"उंदराकडची टेसी. कोंचेत्ताकाकू, एक सांगायला आलेय." मग एका दमात बोलले. "लेलीला मुलगी आहे. तिला त्याच्याशिवाय कुणी नाही. सगळा नको घेऊस. थोडा वेळ तिच्याकडे खेळायला सोड."

 वरून अगदी हळू, "मुलगी…? केवढी आहे?"

"माझ्याएवढी झाली."

"जेवते का नीट?"

आणि मी, बोलायची सवय लागलेली बाई, बोलून गेले. "कुठलं जेवतेय! नुसती रडते."

टोपली वर गेली. नीनू दुकानाच्या दारात वस्तरा घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. एरवी थट्टा केली असती. "टेसी," एवढंच म्हणाला, "पोर जेवत नाही असं कुठल्या आईला सांगतात का?"

दोनच दिवसांत लोरेनचा फोन आला. मी पाहुण्यांना बागेत सोडून परत येत होते, तोफेला थोडा अवकाश होता. तिकडे रात्र झाली होती. ती कुजबुजत होती, पण आवाजात आनंद मावत नव्हता.

"त्याने मला ओळखलं! सकाळपासून माझा पा आहे. सूप खारट झालंय म्हणून भांडला. माझ्या लहानपणीच्या सायकलची गोष्ट सांगितली. टेसी, मी काय करू, मला रडू येतंय."

"सांगू नकोस काही. बस त्याच्याजवळ."

"तो मधेच एक विचित्र बोलला. आईने बाराच्या तोफेपर्यंत सोडलंय, म्हणाला."

मी तेव्हा आमच्या गल्लीतच पोचले होते. पाय आपोआप तिकडे वळले असावेत. मी झटकन फोनवर तळहात दाबला, घट्ट. तोफ उडाली. कबुतरं उठली. हात काढला तेव्हा पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येत होता.

"वाजली," म्हातारा आमच्या बोलीत म्हणाला. पातळ, लहान आवाज. "जातो मी."

"पा? पा, सूप राहिलंय… पा!"

मग तोच आवाज, अदबीने, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिने उत्तर दिलं. उच्चार वेडेवाकडे, पण या वेळी जोरात, रडत रडत. "मी लेलीची. मी लेलीची!"

माझ्या डोक्यावर झडप करकरली.

टोपली खाली आली. या वेळी कुणी काही विचारलं नाही. ती कंबरेपाशी थांबली नाही, वर, माझ्या हाताशी थांबली, मोठ्या बाईला घेता येईल अशी. फडकं बाजूला सरलं होतं. आत पावाचे दोन तुकडे होते, एक बहुधा माझ्यासाठी.

"टेसी?" फोनमधून लोरेन म्हणाली. रडणं थांबलं होतं. "तू तिथेच आहेस ना? टोपली आली?"

"आली."

"काय आहे तिच्यात?"

"काही नाही," मी म्हणाले. दुसरा हात टोपलीकडे जाऊ नये म्हणून मी पाठीमागे घट्ट धरला होता. "रिकामी आहे."

 तिच्या मागे म्हातारा काहीतरी गुणगुणत होता.

"खोटं नको बोलूस गं," ती शांतपणे म्हणाली. "इथे घरभर टोमॅटोचा वास सुटलाय… आणि किती दिवसांनी मला भूक लागलीय."