एकोणीस ठिपक्यांचा माणूस

फोटोत एकूण नऊ लाख एकवीस हजार सहाशे ठिपके होते आणि त्यांतल्या जेमतेम शंभरांत माणूस होता. अश्लेषानं तो भाग पडद्यावर मोठा करून मोजला. उंचीला एकोणीस ठिपके, रुंदीला पाच-सहा. बाकी सगळा रस्ता, नवा कोरा डांबरी. दोन्हीकडं उघडं माळरान आणि वर उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ.

"ह्येच आमचं मालक," काउंटरपलीकडून बनुबाई म्हणाल्या. "डावा खांदा बघ की, पोरी. पडल्याला हाय. मुंबैत पोती उचलून."

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन अश्लेषा वर्षभरासाठी साताऱ्यातल्या या फोटो लॅबमध्ये लागली होती. भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोंचं काम तिच्याकडं असे. त्यातला पहिला प्रश्न ठरलेला होता. गेलेल्या माणसाच्या फोटोवर कॉम्प्युटरवरच हार चढवून द्यायची तिथली पद्धत होती.

"हार टाकायचा का?"

"टाका," बनुबाईंचे दीर गुंडा म्हणाले.

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "आवं भावजी, चालत्या माणसाच्या गळ्यात हार घालत्यात व्हय? का सत्कार हाय त्यांचा?"

गुंडांनी कपाळावर हात मारला आणि मग अश्लेषालाच सगळं ऐकवलं. सात वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ मानसिंग पहाटेच्या गाडीनं मुंबईला म्हणून निघाला, तो तिथं पोचलाच नाही. त्याच दिवशी दुपारी कुणीतरी गावच्या नव्या रस्त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. त्यात लांबवर हा दिसला. एवढाच.

"वैनी म्हंती, माघारी येत हुता. मी म्हंतो, जात हुता. आता येत्या अवसेला क्रिया उरकायची ठरलंय. तुमी ह्यो मोठा करा. येताना दिसला तर हार न्हाई, क्रिया न्हाई. जाताना दिसला तर वैनीनं मुकाट ऐकायचं. ठरलंय आमचं."

"मोठा केला म्हणून नसलेलं दिसत नाही," अश्लेषा म्हणाली. "एकोणीस ठिपक्यांत पोट आणि पाठ सारखीच. ठिपका मोठा होईल, बस."

"तू कर तर," बनुबाई म्हणाल्या. "दिसंल."

तीन फूट उंचीचा छाप निघाला. अश्लेषाच्या हिशेबानं माणूस साडेतेरा मिलिमीटरचा यायला हवा होता. पोलादी पट्टी लावली, साडेतेराच भरला. चौकट करायला तीन दिवस गेले. नेण्याआधी सवयीनं पुन्हा मोजला, तेव्हाही साडेतेरा. आणि अंगभर करडा, कुठल्या बाजूला तोंड आहे ते न सांगणारा. हार न घालताच फोटो त्यांच्या गावी, दहिवडीकडं गेला. जाताना गुंडा एवढंच म्हणाले, "अवसेपतुर वाट बघू. हार काय, खराखुरा बी घालता येतो."

आठवड्यानं बनुबाईंचा फोन आला.

"पोरी, मोठं झाल्यात."

"जवळून बघत असाल, काकू."

"मी खुळी हाय व्हय?"

अश्लेषानं त्यांना काड्यापेटीतली काडी फोटोला लावायला सांगितली. चार सेंटिमीटरची काडी. माणूस तिच्या एक तृतीयांश भरायला हवा होता.

पलीकडून सावकाश चालणाऱ्या पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. फोटो समोरच्याच भिंतीवर होता, असं त्या म्हणाल्या होत्या.

"निम्मी काडी," बनुबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "आलिकडं पाय लय दुकत्यात बग. उठल्यावर वाटतं, रातभर चालतीया."

अवसेला अश्लेषानं सुट्टी काढली. पट्टी पिशवीत टाकली आणि एसटीनं निघाली. फाट्यापासून गावात पायीच जावं लागलं. फोटोतला रस्ता तो हाच, पण डांबर कधीच उखडून गेलं होतं. नुसती खडी आणि फुफाटा.

बनुबाईंचं घर दोन खोल्यांचं, पुढं मेंढरांचा वाडगा. मेंढरं भर दुपारी चिडीचूप उभी होती, सगळी घराकडं तोंड करून. उंबऱ्यातच तिला वास आला. तापल्या, ताज्या डांबराचा.

गुंडा आत भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर झेंडूच्या हाराची पिशवी.

"बगा तुमीच," ते फोटोकडं न बघता म्हणाले. "मला काय समजंना झालंय."

अश्लेषानं पट्टी लावली.

सत्तावीस.

चौकट तेवढीच होती, कागद तेवढाच. माणूस बरोबर दुप्पट. आणि तरीही सगळा करडा.

"येत्यात न्हवं?" बनुबाई म्हणाल्या. हसल्या, तेव्हा कितीतरी वर्षांनी हसल्यासारख्या दिसल्या. "म्या म्हनलं हुतं."

गुंडांनी हाराची पिशवी हळूच पाठीमागं सरकवली. "ऱ्हायलं. तू जितलीस, वैनी."

बनुबाई भिंतीशी पाय पसरून बसल्या. त्यांच्या टाचांच्या भेगा काळ्या होत्या. ओल्या. त्यांना बारीक खडी चिकटलेली होती.

"कुठं गेला होता, काकू?"

"कुटं जाती? चार दिस उंबरा वलांडला न्हाई."

गुंडांनी मान हलवली. खरं होतं ते.

अश्लेषा पुन्हा फोटोकडं वळली. माणसाच्या पायाशी, रस्त्याकडेला, एक पांढरा दगड होता. अंतराचा. लॅबमध्ये तिनं त्याकडं लक्षच दिलं नव्हतं. मोबाईलमध्ये मूळ फोटो होता. तो मोठा करून तिनं दगड मोजला, आठ ठिपके. म्हणजे छापात पाच पूर्णांक सात मिलिमीटर.

"आता काय ऱ्हायलं?" बनुबाईंनी विचारलं.

"ते चालत येत असतील तर एकटे तेच मोठे व्हायला हवेत. दगड काही चालत नाही. तो होता तेवढाच राहील."

"आन् न्हाई ऱ्हायला तर?"

"तर इकडूनच कुणीतरी त्यांच्याकडं चाललंय; आणि दगड त्यांच्याहून जास्त वाढला असेल, तर ते अजून पुढंच जातायत." गुंडांनी पहिल्यांदाच फोटोकडं पाहिलं. मग बनुबाईंच्या पायांकडं.

"माप की," बनुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा लांबून आल्यासारखा वाटला. "माप. मी हाय हितंच."

तिनं पट्टी दगडाला लावली. दोनदा मोजलं.

दगड चौदा मिलिमीटर भरला. जवळजवळ अडीचपट.