पाच पापुद्रे

त्या काळी पुसट फोटो कुणी दुरुस्त करत नसे. तो वाढवला जाई. सांगलीत डॉ. दमयंती कारखानीस यांची प्रयोगशाळा हे काम करी. रेवती सातपुते तिथे आईचा एकुलता एक फोटो घेऊन आली. बाकीचे फोटो महापुरात घराबरोबरच गेले होते. लग्नाच्या घोळक्यात उभ्या असलेल्या आईचा चेहरा जेमतेम नखाएवढा होता. ती वारली तेव्हा रेवती दोन वर्षांची होती.

"यातून काय निघणार?" तिने विचारलं.

"नेच्याचं पान पाहिलंय?" डॉक्टर म्हणाल्या. "अख्ख्या पानाचा जो आकार, तोच त्याच्या फाट्याचा, फाट्याच्या फाट्याचाही. याला फ्रॅक्टल म्हणतात. कातडीच्या रेषा, केसांची वळणं बरीचशी अशीच असतात. चार ठिपके मिळाले की आमचं सूत्र त्यातून सबंध थर वाढवतं. हे पारदर्शक थर म्हणजे पापुद्रे. सात पापुद्रे एकमेकांत मिसळले की चेहरा उभा राहतो."

"आणि ठिपकेच नसतील तिथे?"

"तिथे रक्ताच्या माणसाचा पापुद्रा लागतो. तुमचा."

महिन्याने चित्र घरी आलं. रेवतीचे वडील यशवंतराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण शब्दकोडं अजून पेनाने सोडवणारे. चित्राकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"हनुवटी जरा रुंद होती तिची," ते म्हणाले. मग थांबून, "नाही. बरोबर आहे. हीच."

तेव्हापासून सकाळचा चहा ते चित्रासमोर बसून घेऊ लागले.

दोन वर्षांनी, आई शिकवायची त्या शाळेतल्या एका बाईंना जुन्या कपाटात आईचं ओळखपत्र सापडलं. त्यावरचा फोटो स्वच्छ होता आणि त्यातली आई चित्रापेक्षा निराळीच दिसत होती. रेवती तडक प्रयोगशाळेत गेली.

"फोटो खरा आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आमच्या चित्रात सातपैकी पाच पापुद्रे तुमचे होते."

"पण बाबांनी ओळखलं होतं."

"ओळखलं नसेल. रोज पाहून पाहून शिकले असतील."

"दाखवू त्यांना?"

डॉक्टरांनी ओळखपत्र तिच्याकडे परत सरकवलं.

संध्याकाळी रेवतीने ओळखपत्र वडिलांसमोर धरलं. नाव तिने अंगठ्याखाली झाकलं होतं. यशवंतरावांनी चष्मा पुसून फोटो न्याहाळला.

"चांगल्या घरची दिसते," ते म्हणाले. "तुला कुठे सापडलं हे? परत करून ये बाई. हिच्या घरचे शोधत असतील."