डावखुऱ्या हाताची काडी

दिवा बारीक कर, एस्कू, आणि सगळे जवळ सरका. हळू बोला, उमाकीचं बाळ आत्ता कुठं झोपलंय. मांस शिजेपर्यंत एक घडलेली गोष्ट सांगतो.

माझा साडू हानोक. सूर्य हिवाळ्यापुरता बुडाला, त्यानंतरच्या तिसऱ्या रात्रीची गोष्ट. काळ्या तळ्यापाशी पुरून ठेवलेलं कॅरिबू हरणाचं मांस आणायला तो बर्फगाडीवरून निघाला होता. वाटेत अस्वलखिंडीतल्या झोपडीत मुक्काम केला. हो, तीच झोपडी, परवा तू राहिलास ती. चुलीपाशी कोरडं सरपण होतं, तासलेल्या काड्यांची जुडी होती. बोटं बधिर झाल्यावर माणसाला सुरी धरवत नाही, म्हणून आपण काऊरेत लोक निघताना पुढच्यासाठी काड्या तासून ठेवतो. सालं काडीलाच कुरळी लोंबती सोडायची, म्हणजे ठिणगी पडताच पेटतात. हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं!

हानोकनं सगळं जाळलं. निघताना आभाळ भरून आलं, तसा म्हणाला, ‘परत येताना ठेवीन.’ आणि येताना लेकाचा नदीच्या बर्फावरून परस्पर घरी आला.

त्याच्यामागून सिरिवा मावशी सापळे बघायला निघाली होती. डावखुरी बाई. तिच्या काडीवरची सालं उलट्या बाजूला वळायची, लांबून ओळखू यायची. वाटेत तिच्या पायाखालचा बर्फ खचला, पाण्यात पडली. तशीच भिजलेली झोपडीपर्यंत पोचली. आम्ही गेलो तेव्हा चुलीपुढं बसलेली होती. मांडीवर बाहेरून मोडून आणलेली ओली फांदी, डाव्या हातात सुरी. फांदीवर एकच ओरखडा.

आणि हा हानोक तिच्या दिवसांच्या जेवणाला दोनदा मांस मागून जेवला! काड्यांबद्दल चकार शब्द बोलला नाही. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा त्याच झोपडीत उतरला. सूर्य बुडाल्यानंतरची तिसरीच रात्र होती. एकटा होता. बाहेर आवाज आला. खर्र... खर्र... कुणीतरी लाकूड तासत होतं.

‘कोण ए? आत या की!’

आवाज थांबला. वारा नाही. कुत्रं नाही.

मग पुन्हा. खर्र... अगदी दाराशी.

‘सिरिवा मावशी...?’

खर्र...

मग आत. चुलीपाशी. त्याच्या पाठीमागं...

मागं वळून पाहिलंस का, असं मी त्याला विचारलं होतं. त्यानं आपली पाठ भिंतीला घट्ट टेकवली. गाडी तिथंच टाकून तो पायी घरी आला होता. उजव्या हाताची बोटं थंडीनं गेली. मरेपर्यंत त्यानं सुरीला हात लावला नाही.

आता तू सांग, एस्कू. परवा तिथून निघताना काड्या ठेवल्यास?

मोठ्यानं बोल, पोरांना ऐकू दे. ‘परत येताना ठेवणार होतो’? वा रे वा! म्हणजे काल तुझी सख्खी बहीण उमाकी तान्ह्या बाळाला घेऊन तिथं पोचली, तेव्हा चूल रिकामीच असायला हवी होती. आणि आज सगळ्यांदेखत तिनं तुझ्या पाठीवरून हात फिरवला, ‘काड्या काय सुरेख तासल्यास रे, एका ठिणगीत पेटल्या, नाहीतर बाळ हाती लागलं नसतं,’ म्हणाली. तेव्हा तू दात काढत ती शाबासकी खिशात घातलीस! लाज नाही वाटली?

तिनं उरलेली एक काडी आणली आहे. ही. सालं कुठल्या बाजूला वळलीत ते बघ.

बोल की. आपल्या तांड्यात आता डावखुरं कोण आहे?

कोणीच नाही ना...

हात मागं काय घेतोस? धर.

अजून ओली आहे.