तिसऱ्या चिऱ्याची रेषा

तिसरा चिरा शोधायचा, एवढ्यासाठीच ती चौघं सोनाळा गावामागच्या सातपुड्यात शिरली होती. जंगलखात्याच्या हद्दीचे तीन दगडी चिरे जुन्या मोजणीत एका सरळ रेषेत रोवलेले. दोन सापडले, तिसरा बेपत्ता. तो मिळेपर्यंत गावची गुरं कुठवर चरायची, हा तंटा मिटणार नव्हता. मोजणीदार अर्जुनराव, त्याची बायको पुष्पा, तिच्या झोळीत अंगावर पिणारी अंबू आणि वाटाड्या रहेमतुल्ला. तळावर एकटीनं बसण्यापेक्षा सोबत गेलेलं बरं, असं पुष्पालाच वाटलं होतं. कुठून ही बुद्धी सुचली!

दुसऱ्या चिऱ्यापाशी सामान लादलेलं तट्टू एकाएकी फुरफुरलं आणि उधळलं. पाणी गेलं, नकाशा गेला! त्याच्यामागं धावून अर्जुनरावाला ऊन लागलं. डोळे लालबुंद, अंग तव्यासारखं. अंबू छातीशी झटत होती आणि रडत होती. दूध आटलं होतं.

"पानी एकाच जागी हाये," रहेमतुल्ला म्हणाला. "नाल्यात, तिसऱ्या चिऱ्याच्या बुडाशी झिरा हाये म्हनतात. पर थो चिरा कोनं पाह्यला?"

पुढं कडा तुटलेला. उतरायला दोन घळी: एक सरळ उत्तरेला, दुसरी उजवीकडं, पूर्वेला. चुकीची धरली तर परत चढायची ताकद कोणात होती?

"अहो, आकडे आठवतात का?" पुष्पानं नवऱ्याला हलवलं.

"तळापासून... फर्लांगात. पहिला तीन-दोन. हा दुसरा, सात-चार. तिसऱ्याचं... नाला अकरा उत्तरेला. बस."

पुष्पा अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकलेली. तिनं मातीत काटकीनं दोन रेघा मारल्या. पूर्वेला क्ष, उत्तरेला य. दोन बिंदू मांडले. क्ष चारनं वाढला की य दोननं, म्हणजे रेषेचा चढ निम्मा. य अकरा धरला, तर क्ष एकवीस.

"इथून चौदा फर्लांग पूर्वेला! उजवी घळ!"

"सात वर्सं मास्तरनं आमाले पाढे घोकवले वहिनी, पर त्यातून पानी नाही निंघालं कधी," रहेमतुल्ला पुटपुटला, पण अर्जुनरावाचा हात खांद्यावर घेऊन निघाला.

घळीत वारा नव्हता. पानगळीनं उघडी पडलेली सागाची झाडं, आणि पायाखाली पाचोळ्याचा असा आवाज, की कुणीतरी पाठोपाठ चालतंय असंच वाटावं. मग खरंच वरून माकडं खेकसली. आणि मागं, दुसऱ्या चिऱ्याकडं, वाघानं डरकाळी फोडली!

"चला! चला!"

सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पुष्पानं अंबूच्या तोंडासमोर पदर धरला, आणि जागीच थबकली. मघाशी पहिल्या चिऱ्याकडून दुसऱ्याकडं येताना हाच पदर तिनं अंबूच्या उजव्या गालावर धरला होता. ऊन बाजूनं होतं, असं समोरून नव्हतं! म्हणजे तेव्हा सगळी जास्त उत्तरेलाच चालली होती.

"अहो! तीन-दोन म्हणजे तीन उत्तर का?"

"मग?" अर्जुनराव ग्लानीत म्हणाला. "मोजणीत उत्तरच आधी सांगतात."

कॉलेजात क्ष आधी, पूर्व आधी. तिनं आकडे उलटे धरले होते! तिनं पुन्हा हिशोब मांडला. क्ष दोन, य तीन. क्ष चार, य सात. चढ दोन. य बरोबर दोन क्ष वजा एक. य अकरा, तर क्ष सहा!

"मागं फिरा. उत्तरेची घळ. चार फर्लांग खाली, मग नाल्यानं दोन पूर्वेला."

"मांगं? वाघाच्या तोंडात? ऊन तुमालेबी लागलं काय?"

"पुढं गेलो तर पाणी नाही, रहेमतुल्लाभाऊ. माझी पोर मरेल."

रहेमतुल्लानं कमरेची कुऱ्हाड उपसली. "चाला. बोंबलत चाला!"

तो कुऱ्हाडीचा दांडा दगडांवर आपटत होता. पुष्पा ओरडत होती. अंबू रडत होती. रडू दे, आणखी रड! धापा टाकत चढ संपला, दुसरा चिरा आला. समोरच्या झुडपात काहीतरी हललं. पिवळं? गवत? कुणी पाहिलं नाही. घसरत, खरचटत सगळी उत्तरेच्या घळीत उतरली.

कोरड्या नाल्यानं रहेमतुल्ला पावलं मोजत चालला. आणि वळणापलीकडं दगडांच्या बेचक्यात पाणी होतं! हातभर रुंद, निवळ, गार. पुष्पानं आधी नवऱ्याच्या डोक्यावर ओंजळी रित्या केल्या, मग अंबूचे ओठ ओले केले, मग स्वतः प्याली.

तेव्हा तिला काठाचा चिखल दिसला. वाघाच्या पंजाचा ताटलीएवढा ठसा, आणि त्यात पाणी अजून झिरपत होतं.

अर्जुनराव जरा सावध झाला होता. "चिरा त्या करवंदाच्या जाळीत असणार. दहा पावलं. त्यावर कोरलेला आकडा तेवढा पाहून येतो, त्यासाठीच तर—"

जाळीत एक काटकी मोडली.

"नाही," पुष्पा कुजबुजली. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "चिऱ्याची जागा आपल्याला कळली. दगड कुठं पळून जात नाही. चला."

ती तिघं पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागं सरकत निघाली. अंबू ओल्या ओठांनी गप्प झाली होती, आणि आता तिनं रडू नये म्हणून पुष्पा अल्लाचं नाव घेणाऱ्या रहेमतुल्लाबरोबर मनातल्या मनात देवीचं नाव घेत होती.