लोसालिनेची चटई

१९८७ सालच्या जुलैतली ही गोष्ट. वावाऊ बेटावरची बोट सकाळी राजधानीच्या, नुकुअलोफाच्या धक्क्याला लागली आणि लोसालिने आईच्या मयतासाठी उतरली, ती कमरेला लहानशी, नीटनेटकी, नवी चटई बांधून. धक्क्यावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्याकडे गेलेल्याशी नातं जितकं जवळचं, तितकी अंगावरची चटई मोठी, जुनी, फाटकी. पोटच्या मुलीची तर छातीपर्यंत येते आणि चालताना पायांत अडकते. अशी आटोपशीर चटई ओळखीपाळखीची माणसं बांधतात.

"आई, सगळ्या बघतायत," लुपे कुजबुजली. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती.

"बघू देत. तू पिशवी धर."

तिला कसं सांगणार... की ही चटई तिच्या आजीनेच नेमून दिली होती. "माझ्या मयताला मुलगी म्हणून येऊ नकोस," हेपिसिपा दारात उभी राहून म्हणाली होती, आवाजही न चढवता. तेव्हापासून ते वाक्य लोसालिनेच्या मागे लागलं होतं. कपडे पिळताना, प्रार्थनेला डोळे मिटताना कानाशी यायचं. वारा पडला की जास्तच स्पष्ट...

हेपिसिपाने सारा जन्म समाजसेवेत काढला. नोकरी संपली तरी तिची पायपीट संपली नाही. कुणी पोरीला पोटुशी म्हणून घराबाहेर काढलं की ही त्या घरी जाई, भांडत नसे. सरळ मागच्या चुलीशी, सगळ्यांत खालच्या जागी बसे, कोनफळं सोलायला घेई आणि देवाची गाणी म्हणत राही. एवढी मानाची बाई आपल्या राखेत बसलेली पाहून बाप खाली मान घालून पोरीला घरात घेई. आणि तिच्याच घरी बिनलग्नाचं तान्हं आलं, तेव्हा मात्र त्या भक्तिमान जिवाचा दगड झाला.

लुपे लोसालिनेची नव्हतीच. दोघी बहिणी वावाऊला व्हॅनिलाच्या मळ्यावर कामाला असताना धाकट्या विकाला ती झाली. विकाचं लग्न पाद्र्याच्या घरात ठरलेलं. ती पायांशी पडून रडली, आणि लोसालिनेने घरी येऊन शांतपणे सांगितलं, "मूल माझं आहे."

अंगण बायकांनी भरलं होतं. हेपिसिपाने घरोघर परत नेऊन पोचवलेल्या त्या मुली, आता पोक्त झालेल्या. एकीचंही रक्ताचं नातं नाही, आणि एकूणएक छातीपर्यंतच्या फाटक्या चटईत.

"पोटची बघा, पाहुणीसारखी नटून आलीय," कुणीतरी म्हणालं.

"गप गं. मयत आहे."

"मी कुठे गाते आहे?"

आईच्या उशाशी कालोलाइने मावशी बसली होती, आईच्या आत्याची मुलगी. मयताला आतेकडच्यांचा मान सगळ्यांत वरचा. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नाही. लोसालिनेने वाकून आईच्या कपाळाला ओठ टेकले. वाटलं, हे मिटलेले ओठ आता हलतील, पुन्हा तेच म्हणतील... ती घाईने उठली आणि मागच्या चुलीकडे गेली.

विका तिथे राखेत बसली होती.

"ताई, मी मारलं तिला. गेल्या रविवारी सांगून टाकलं सगळं."

लोसालिने तिच्यापाशी वाकली. "काय म्हणाली?"

"उठली, कोनफळं टोपलीत भरली. म्हणाली, वावाऊची बोट कधी आहे बघ. लोसाच्या चुलीशी जाऊन बसायचंय मला... बोट शुक्रवारची होती, ताई. आई गुरुवारीच गेली." विका हुंदके देत उठली. "आता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते. तुझी जागा तुला मिळू दे."

लोसालिनेने तिचं मनगट धरलं. दारातून अंगण दिसत होतं. लुपे त्या बायकांना पाणी देत होती, एकीच्या बोलण्यावर लाजून हसत होती.

"ती मला आई म्हणते, विका. आजी गेलीच आहे, आता तिची आईही काढून घेऊ नकोस. मला चालतं असंच."

"तुला चालतं. मला नाही चालत," मागून आवाज आला. कालोलाइने मावशी उभी होती. मानाच्या माणसाने चुलीकडे फिरकायचं नसतं. ती आली होती, आणि तिने ऐकलं होतं. तिने विकाच्या अंगावरची अर्धी चटई टरकन फाडली, लोसालिनेची नवी चटई सोडून टाकली आणि ते फाटकं तिच्या छातीला स्वतः आवळून बांधलं.

"मावशी, पण आईने..."

"आई गेली. आता मी सांगते. चल, पायांशी बस तिच्या."

अंगणात कुजबुज उठली. मावशीने एकदा सगळीकडे पाहिलं आणि कुजबुज थांबली. कारण कुणी विचारलं नाही.

मावशी पुढे दोन-तीन वर्षांनी गेली. चुलीपाशी ऐकलेलं तिने कुणालाही सांगितलं नाही. विका पाद्री नवऱ्यामागून बेटं बदलत राहिली. तिला पुन्हा मूल झालं नाही, पण दर नाताळला लुपेला स्वतः शिवलेला झगा पाठवी. लुपे ऑकलंडला परिचारिका झाली, तिथेच संसाराला लागली. लोसालिने आईच्या घरी राहायला आली ती कायमची. कधी कधी पहाटे, चर्चची घंटा व्हायच्या आधी, पलीकडच्या खोलीत कुणीतरी घसा साफ करतं. ती उठून बघायला जात नाही. चुलीवर दोघींपुरतं पाणी ठेवते आणि बसून राहते.