बसून दिसेल अशी खिडकी

परसातल्या खोलीची किल्ली शोधण्यातच ठोकळ्याची अर्धी दुपार गेली. खुंटीवर नाही, फ्रीजवर नाही, शेवटी आईच्या शिवणाच्या डब्यात सापडली. काम तसं साधंच होतं. बाबा घसरून पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी त्यांना घरी आणायचं होतं. मुख्य घराला पायऱ्या, तर परसातल्या खोलीला चाकाची खुर्ची सहज चढेल असा उतार. तेव्हा बाबांची सोय तिथेच करायची, हे आईने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. आता खोली झाडून पुसून ठेवायची, एवढंच.

एवढंच, म्हणे. किल्ली हातात आली तरी ठोकळ्या परसाच्या दारातच रेंगाळला.

ती खोली त्याने स्वतः बांधली होती. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजने काम दिलं होतं, की काहीतरी लहानसं डिझाइन करा आणि खरोखर बांधून दाखवा. बाकीच्यांनी बाकं केली, कुणी बसस्टॉपचं छप्पर केलं. आमच्या या पठ्ठ्याने आख्खी खोली घेतली. बाबांची मोठी बहीण, त्याची आत्या, त्यांच्याकडेच राहायची. तिचे पाय कायमचे गेले होते. पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग, एवढंच तिचं जग. तिला स्वतःची खोली द्यायची. कल्पना चांगलीच होती, त्यात काही खोट नव्हती.

‘ठोकळ्या’ हे नावही आत्याचंच. लहानपणी तिच्या पायाशी बसून हा तासन्‌तास लाकडी ठोकळे रचायचा. पुढे कॉलेजात गेल्यावर ती त्याला कौतुकाने ‘इंजिनिअर’ म्हणायला लागली.

“आर्किटेक्ट गं, आत्या.”

“तेच ते. घर पडलं नाही म्हणजे झालं.”

खोलीचं पुठ्ठ्याचं मॉडेल तयार झाल्यावर त्याने ते पहिल्यांदा आत्याच्याच मांडीवर ठेवलं होतं. बुटाच्या खोक्याएवढी खोली, छप्पर उचलून आत बघता येईल अशी. भिंती पांढऱ्याशुभ्र, आणि समोरच्या भिंतीत एक लांब, चिंचोळी खिडकी, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. उभ्या माणसाचे डोळे येतात, नेमकी त्या उंचीवर. मधोमध कागदाचा एक माणूस उभा केलेला. आर्किटेक्ट लोकांची ही रीतच असते. माणूस दाखवला की खोली केवढी आहे याचा अंदाज येतो. कापताना ब्लेड निसटलं होतं आणि त्या माणसाचा एक खांदाच उडाला होता. दुसरा कापायचा ठोकळ्याने कंटाळा केला.

आत्याने चष्मा सारखा केला आणि ती बराच वेळ आत बघत राहिली.

“हा कोण उभा आहे रे माझ्या खोलीत?”

“कुणी नाही गं. मापासाठी असतो तो.”

“मग बसलेला दाखव की. उभं राहणारं कोण आहे इथे?” मग तिने त्या चिंचोळ्या खिडकीवर बोट ठेवलं. “आणि ही खाली घे. मला बसून दिसायला हवं. फार काही नको, फाटक दिसलं की पुरे. तू आलास की कळेल मला.”

“बघू,” तो म्हणाला.

बघितलं काहीच नाही. खिडकी खाली घेतली की भिंतीची ती शुभ्र, अखंड रेघ मोडत होती. चित्रात बसलेला माणूस गाठोड्यासारखा दिसत होता. उभा माणूस कसा देखणा दिसतो, डोळ्यांसमोर खिडकी, खिडकीबाहेर झाड. ‘आधी परीक्षा होऊ दे, मग खाली एक खिडकी फोडू,’ असं त्याने आत्याला सांगितलं. ती हो म्हणाली. नाही म्हणण्याची तिला सवयच नव्हती.

परीक्षेच्या दिवशी सरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. “राहणारी बाई बसून असते म्हणतोस. मग खिडकी इतकी वर का?”

आणि हा, पापणीही न लवता, म्हणाला, “त्यांचीच मागणी होती सर. लोकांच्या नजरा नको वाटतात त्यांना. बाहेरचं काही बघायचंच नाहीये.”

सरांनी मान डोलावली. पहिला नंबर आला. खोलीचा मोठा फोटो कॉलेजच्या व्हरांड्यात लागला आणि खाली आत्याच्या नावावर खपवलेलं ते वाक्य छापून आलं. आत्याला मात्र त्यातलं काहीच कळलं नाही.

पहिल्या काही महिन्यांत ती फोनवर खिडकीचं विचारायची. मग विचारेनाशी झाली. मग एकदा आईचाच फोन आला. “अरे, आत्या काहीतरीच बोलते हल्ली. म्हणते, खिडकीशी कुणीतरी उभा असतो. पाठ करून. हाक मारली तरी बोलत नाही.”

“वय झालंय आई तिचं,” ठोकळ्या म्हणाला आणि पुन्हा आपल्या ड्रॉइंगकडे वळला.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. झोपेतच गेली. कूस बदलून, मागच्या भिंतीकडे तोंड करून. हा पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तर अशी ती खोली. दार उघडलं तसा आतून कोंडलेला वास आला, चुन्याचा, बामचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी. डिंकासारखा. ठोकळ्याने दार सताड उघडं ठेवलं. झाडलं, पुसलं, पलंगावर नवी चादर घातली. पलंग मागच्या भिंतीला लागून, खिडकीच्या बरोब्बर समोर होता. आत्याचा होता तसाच.

खिडकी फोडायचं त्याच्या मनात नव्हतं असं नाही. पण घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. कॉलेजचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, सोमवारी सर स्वतः खोली बघायला येणार होते आणि ती आवडली तर ठोकळ्याला त्यांच्याच ऑफिसात जागा मिळायची होती. सरांनी फोनवर बजावलं होतं, “आहे तशी ठेव हं. एका विटेला हात लावू नकोस.” म्हणून त्याने मनाशी हिशेब केला होता. बाबा शनिवारी येतील, सर सोमवारी येऊन जातील, मग फोडू. दोन दिवसांनी काय होतंय?

तिपाईवर कॅमेरा लावून तो त्यामागे वाकला. उन्हं कलायला लागली होती. खिडकीतून आलेला उजेडाचा लांब पट्टा फरशीवरून हळूहळू पुढे सरकत पलंगावर आला. फोटोला अगदी हवा तसा उजेड होता. आणि त्या पट्ट्यात एक सावली होती.

डोकं आणि खांदा.

आपलीच, असं त्याला वाटलं. तो बाजूला झाला. सावली हलली नाही. तो आणखी मागे, दारापर्यंत गेला. सावली जिथल्या तिथे. बाहेर झाड असेल, काहीतरी वाळत घातलं असेल, म्हणून तो बाहेर जाऊन बघून आला. खिडकीपुढे काहीच नव्हतं, नुसतं अंगण आणि पलीकडे बंद फाटक.

परत आत आला तेव्हा मान ताठ करून कुणीतरी खिडकीशी उभं असावं अशी ती सावली उशीवर पडलेली होती. डोकं नीट गोल. एक खांदा नीट. दुसऱ्या खांद्याच्या जागी तिरका, सरळ काप. ब्लेडने मारावा तसा.

ठोकळ्याला पळावंसं वाटत होतं, पण त्या कापावरून नजर हटेना. तो पलंगाच्या कडेला टेकला. आणि टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ही खोली आपण काढली, बांधली, तिचे फोटो काढले, पण हिच्यात आजवर एकदाही बसलो नाही. बसून समोर पाहिलं तर पांढरी भिंत. वर बोटभर आभाळ. झाड नाही, अंगण नाही, फाटक नाही. एवढंच बघत आत्या इथे राहिली होती. रोज. आणि त्याने सगळ्या जगाला सांगितलं होतं, की तिला हेच हवं होतं.

“आत्या...” तो पुटपुटला. “चुकलो गं.”

उजेड त्याच्या छातीवर होता. त्या उजेडात ती सावली आता त्याच्या अंगावर पडली होती आणि तेवढाच भाग गारठला होता. खिडकीशी कुणी दिसत नव्हतं. फक्त पुठ्ठा वाकवल्यावर होतो तसा, अगदी बारीक आवाज आला.

“कोण आहे...?”

उत्तर आलं नाही. आत्यालाही कधी मिळालं नव्हतं.

तो कसाबसा उठला आणि घरात पळाला. मॉडेल माळ्यावर होतं, कपड्यात गुंडाळून दोरीने बांधलेलं. आई बघत राहिली. त्याने गाठ सोडली, छप्पर उचललं. भिंती पिवळ्या पडल्या होत्या, खिडकी होती तशीच होती. मधोमध डिंकाचे दोन वाळके ठिपके होते, दोन पावलांचे. वर कुणीच नव्हतं. त्याने मॉडेल उलटं करून झटकलं, कपडा झटकला, माळा चाचपला. कागदी माणूस नव्हता.

“काय शोधतोस एवढं?” आईने विचारलं.

त्याने अंगणात जाऊन सरांना फोन लावला.

“सर, ती मागणी आत्याची नव्हती. तिला खाली खिडकी हवी होती. मी खोटं बोललो. आणि उद्या मी ती भिंत फोडतोय.”

“सोमवारपर्यंत थांबणार नाहीस?”

“नाही सर. मागच्या वेळी थांबलो होतो.”

सरांनी फोन ठेवला. प्रदर्शनही गेलं आणि ऑफिसातली जागाही. पण त्या रात्री ठोकळ्याला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली, हेही खरं.

सकाळी गवंडी आला. पहिला घाव बसला तशी आई दारात येऊन उभी राहिली. विटा पडताना बघत होती.

“ती होती तेव्हा फोडायची होतीस रे,” ती एवढंच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ठोकळ्या खाली मान घालून घमेलं भरत राहिला.

शनिवारपर्यंत खिडकी झाली. रुंद, ऐसपैस, बसलेल्या माणसाच्या कोपरापासून डोक्याच्या वरपर्यंत. आभाळ, अंगण, झाड, सगळं आत आलं. खोलीतला तो वासही गेला. ठोकळ्याने स्वतः आत्याच्या जागी बसून पाहिलं. फाटक अगदी समोर दिसत होतं, कडीसकट. कुठेही सावली नव्हती. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

दुपारी बाबांना आणलं. आईने आणि त्याने मिळून त्यांना पलंगावर बसवलं, पाठीशी उशा लावल्या. परसातल्या खोलीबद्दल बाबांना कुणी काहीच बोललं नव्हतं, ना सावलीचं, ना आत्याच्या बोलण्याचं. मॉडेल तर त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, तेव्हा ते बाहेरगावी नोकरीला होते. आई चहा ठेवायला गेली. ठोकळ्या पलंगाशी खाली बसला, आत्याच्या पायाशी बसायचा तसा.

बाबा खिडकीकडे बघत राहिले. उन्हं कलत होती.

“छान केलीस रे,” ते म्हणाले. “ताईला आवडली असती.”

ठोकळ्याला मान वर करवेना.

“फाटक दिसतंय का, बाबा?”

“दिसलं असतं.” बाबांनी मान जरा डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. समोर आडवं कुणी आलं की आपण करतो तसं. “याला जरा बाजूला व्हायला सांग ना. मघापासून मधेच उभा आहे.”

खिडकीत लख्ख ऊन होतं. अंगण रिकामं होतं.

“कुणाला, बाबा...?”

बाबांनी आवाज खाली आणला, माणसासमोर त्याच्या व्यंगाबद्दल बोलताना आणतात तसा.

“अरे, हळू. त्याला ऐकू जाईल. पण बिचाऱ्याच्या खांद्याला काय झालंय रे?”